पांढऱ्या गोऱ्ह्याचं गिऱ्हाईक

टॉमीन कॉनबॉयने जनावराच्या शेपटीच्या बुडाशी हात ठेवला की आयर्लंडमधल्या रॉसकॉमनच्या बाजारात आजूबाजूची माणसं बोलायची थांबत. तिथली चरबी चाचपून तो सांगायचा, हे कसायाकडे न्या, याला अजून महिनाभर चरू द्या. कसाईसुद्धा त्याचं म्हणणं मोडत नसत. गुरांची दलाली त्याच्या बापापासून चालत आलेली. लग्न त्याने केलं नाही. घरात तो आणि धाकटी बहीण विनी. बाजार त्याचा, गोठा तिचा.

सरकारने फ्रान्सहून शारोले जातीचे पांढरे वळू आणवले, तेव्हा टॉमीनने आपलं मत कुणी न विचारताच देऊन टाकलं. "हाडं ही एवढी, आणि चरबी नावाला नाही. तव्यावर टाकलंत तर चपलेचा तळ होईल. याला गिऱ्हाईक कोण मिळणार?"

शेजारच्या लूक फलूनने त्या पांढऱ्या वळूचं बीज आपल्या गायीला घेतलं होतं. टॉमीनचं ऐकून तो धास्तावला आणि दूध तुटायच्या आतच वासरू मातीमोलाने विकून मोकळा झाला.

मग मार्चमधल्या एका सकाळी कॉनबॉयांची लाल गाय अडली. बहीणभावांनी दोरी लावून ओढलं, बराच वेळ ओढलं, आणि वासरू गवतावर पडलं ते भिजवलेल्या कणकेच्या रंगाचं.

टॉमीनच्या हातातली दोरी तशीच राहिली. "हे काय?"

"वासरू," विनी म्हणाली.

"पांढरं आहे ते."

"बापही पांढराच होता."

"मला विचारलं नाहीस."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास. मग मला चोरून करावं लागलं असतं." आणि ती गायीला पाणी पाजायला गेली.

पुढे कित्येक दिवस टॉमीन गोठ्याच्या त्या टोकाला फिरकला नाही. घरात त्या वासराचं नाव निघालं की तो चहाचा पेला उचलून दारात जाऊन बसायचा. विनीने गोऱ्हा वाढवला. दुसऱ्या वर्षीच्या शरद ऋतूत ती त्याला स्वतः बाजारात घेऊन आली. बाईमाणूस लिलावाच्या रिंगणापाशी दिसलं की लोक वळून बघायचे, असा तो काळ.

टॉमीन पार पलीकडच्या कठड्याला जाऊन उभा राहिला. तरी कुणीतरी टोमणा मारलाच. "काय टॉमीन, फ्रान्सहून पाहुणे आलेत म्हणे तुझ्याकडे?"

"माझ्याकडे नाही. बहिणीकडे."

त्याला वाटलं होतं, बोली सुरूच होणार नाही. सगळे गप्प बसतील, गोऱ्हा आला तसा परत जाईल आणि घरी तो विनीला एका शब्दानेही बोलणार नाही. तेवढा मोठेपणा त्याने मनाशी ठरवून ठेवला होता. पण करड्या कोटातल्या एका परक्या माणसाने बोट वर केलं. दुसऱ्या व्यापाऱ्याने त्याच्यावर बोली चढवली. टॉमीनच्या स्वतःच्या लाल गोऱ्ह्याला सकाळी आलेला भाव केव्हाच मागे पडला, तरी बोली थांबेना. समोरच्या कठड्यापाशी लूक फलून उभा होता. तो गोऱ्ह्याकडे बघतच नव्हता, टॉमीनकडे बघत होता.

करड्या कोटवाल्याचं नाव ड्वायर, डब्लिनचा निर्यातदार. टॉमीनने त्याला फाटकापाशी गाठलं. या माणसाची फसगत झाली आहे अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

"साहेब, हात लावून तरी बघा. त्याच्या अंगावर चरबी नाही."

"म्हणूनच घेतला," ड्वायर म्हणाला. "माझा माल इटलीला जातो. तिथली बाई मांसावर बोटभर चरबी बघेल तर कसायाच्या तोंडावर फेकेल. आताशा डब्लिनलाही तीच तऱ्हा आहे."

"मग चरबीचं करता काय?"

"कापून टाकतो. सकाळचा लाल गोऱ्हा तुमचाच ना? देखणा होता. पण त्याचं किती फेकावं लागेल ते बघूनच मी हात आखडता घेतला."

टॉमीन बाजाराच्या भिंतीवर जाऊन बसला. उभ्या आयुष्यात त्याने बोटांनी जे मोजलं, ज्याच्या जोरावर माणसं त्याच्यापुढे टोप्या काढत आली, ते लोक कापून टाकत होते. विनी शोधत आली तेव्हा तिला वाटलं, याला झटका आला.

"ते चरबी फेकतात, विनी."

"हो."

"तुला ठाऊक होतं?"

"कसायाच्या दुकानात मी उभी राहते, तू नाही. बायका काय काढून टाकायला सांगतात ते ऐकते की."

फाटकाबाहेर लूक भेटला. टॉमीन म्हणाला, "ते वासरू तू माझ्यामुळे विकलंस."

"तुझ्यामुळेच," लूक म्हणाला आणि सायकल काढून निघून गेला.

त्यानंतर सगळ्या गावाला पांढऱ्याचं वेड लागलं. ज्याच्या गोठ्यात जे उभं असेल, त्याला शारोलेचं बीज. दीड वर्षाने, वसंतात, लूकच्या पहिलटकर कालवडीचे दिवस भरले. कालवड अंगाने लहान, कंबर अरुंद, आणि पोटात वासरू दांडगं. गुरांचा डॉक्टर येईपर्यंत शेजारधर्म म्हणून धावून आलेला टॉमीन, लूक आणि लूकची बायको ओढत राहिली. वासरू मेलेलंच निघालं. थोड्या वेळाने कालवडही गेली. लूक भिंतीला टेकून उभा राहिला होता, आणि टॉमीनला त्याच्याकडे बघवेना. बाजारातल्या धक्क्याहून हा धक्का मोठा होता, कारण ती कमरेची हाडं त्याने नुसत्या डोळ्यांनी ओळखली असती. पण एकदा तोंड पोळलं म्हणून तो दीड वर्ष कुणाला काही सांगतच नव्हता.

रविवारी प्रार्थना सुटल्यावर तो चर्चच्या भिंतीशी उभा राहिला. "पांढऱ्याला गिऱ्हाईक आहे. ते माझं चुकलं," तो म्हणाला. "पण गाय कशी व्याली ते गिऱ्हाइकाला दिसत नाही. रुंद कमरेची असेल, दोनदा व्यालेली असेल, तरच पांढरं घ्या."

काही जण म्हणाले, म्हाताऱ्याचं रडगाणं पुन्हा सुरू झालं. काही जणांनी मात्र त्याला गोठ्यात बोलावलं. पहिला लूक होता. तो जास्त बोलला नाही. कंदील धरून उभा राहिला आणि टॉमीन एकेका गायीमागे जाऊन हो किंवा नको म्हणत गेला.

विनीनेही आपल्या दोन लहानखुऱ्या गायींना लाल वळूच दाखवला. दोघी सुखरूप व्याल्या, पण त्यांच्या गोऱ्ह्यांना पुढे बाजारात भाव कमी आला. परतीच्या वाटेवर विनी त्या भावावरून आता काहीतरी बोलेल म्हणून टॉमीन वाट बघत राहिला. ती उद्या भाजायच्या सोड्याच्या पावाबद्दल बोलत होती.