कापसातला कुकर

नोकरीतली बरीच प्रकरणं आता विसरलो आहे. हे एक मात्र आठवलं की आजही अंग खाजायला लागतं. नावं कोणाचीच सांगत नाही, कारण सगळे हयात आहेत आणि त्यांतल्या एकाच्या घरी माझा चहा अजून ठरलेला असतो.

तेव्हा मी पिंपळगाव राजाच्या बाजूला ठाणेदार होतो. त्या हंगामात बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळी पडलेली. जो काही बरा कापूस हाती आला तो लोकांनी भाव वाढेल या आशेवर घरातच भरून ठेवला होता. पुढच्या खोलीत कापूस आणि मागच्या खोलीत माणसं, असं घरोघरी चाललं होतं. त्यातच मोबाइलवरून वस्तू मागवण्याचं वेड गावोगाव पोचलं होतं.

एके सकाळी हजेरी आटोपतो तोच घरपोच पार्सल पोचवणाऱ्या एका कंपनीचा व्यवस्थापक ठाण्यात आला. माणूस पश्चिम महाराष्ट्रातला, इकडे नवा आणि रडकुंडीला आलेला. तक्रारीआधी त्यानं आपलंच गाऱ्हाणं ऐकवलं. पार्सल त्याच दिवशी पोचलं नाही तर वरून झाडाझडती होते. इकडे गावात सगळ्यांचा पत्ता एकच, 'मारुतीच्या पाराजवळ', आणि निम्म्या गावाचं आडनावही एकच. वरच्या साहेबांना वाटतं की पारापाशी पाट्या लावलेल्या इमारती असतील. हे सांगून झाल्यावर तो मुद्द्यावर आला. एका गल्लीतली पार्सलं गायब होत होती आणि त्याचा संशय पार्सल वाटणाऱ्या तरुणावर होता. लगेच गुन्हा नोंदवा, असा त्याचा आग्रह.

त्या तरुणाला मी ओळखत होतो. गादी भरणाऱ्या पिंजाऱ्याचा मुलगा. पोलीस भरतीसाठी रोज पहाटे आमच्या ठाण्यापुढून धावत जायचा आणि आमच्या ठाणे अंमलदाराला पळता पळता सलाम ठोकायचा. चोरीचा गुन्हा नावावर लागला की वर्दीचं स्वप्न संपलं. म्हणून मी तूर्त तक्रार अर्ज घेतला, चौकशी लावली आणि त्याला बोलावून घेतलं.

चौकशीत तो घाबरला होता, पण गडबडला नाही. म्हणाला, "साहेब, दिवसा समदे कापूस वेचाले जातात. घरी कोणी भेटतच नाही. ते फोनवर ओटीपीचा नंबर सांगतात अन् म्हणतात, काकाजोळ ठेव. मी तिथी ठेवतो."

हा काका म्हणजे बैलगाडीवरून पडून पाय मोडलेला एक शेतकरी. प्लास्टर घालून खाटेवर पडून होता. हंगामात दिवसभर घरी असलेला गल्लीतला तो एकमेव माणूस, त्यामुळे शेजाऱ्यांच्या किल्ल्या, निरोप आणि आता पार्सलं, सगळं त्याच्याकडे. पण पार्सल आलंच नाही, असं तो गल्लीला सांगत होता आणि गल्लीचा विश्वास आपल्या माणसावर.

मी त्याच्या घरी गेलो. खोली छतापर्यंत कापसानं भरलेली, बसायला जागा नाही. मी त्या ढिगालाच पाठ टेकून त्याचा जबाब घेतला. "त्यानं मले काहीच देलं नाही, साहेब," तो म्हणाला. "मी असा लंगडा, कुठी नेऊन ठेवतो?" वर आग्रहानं चहा पाजला. घरात साठलेल्या कापसाची खाज किती वाईट असते ते त्या दिवशी कळलं. वर्दी काढून झटकली तरी जाईना, आणि माझा हवालदार तर परतताना जीपमध्ये माकडासारखा दोन्ही हातांनी खाजवत होता.

चौकशी अडली. व्यवस्थापक रोज येऊन बसायला लागला. त्याला थोपवण्यासारखं कारण माझ्याकडे उरलं नव्हतं.

तेवढ्यात आमच्या हद्दीतल्या जिनिंगचा, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या गिरणीचा, मालक तणतणत आला. त्याची तक्रार शेतकऱ्यांविरुद्ध. "कापसात दगड भेटले, पाणी भेटलं, आम्ही सहन केलं," तो म्हणाला. "आता वजन वाढवाले कुकर घालून राह्यले, साहेब." एवढं बोलून त्यानं माझ्या टेबलावर खोक्यासकट नवाकोरा कुकर ठेवला. खोक्यावर पत्ता होता, मारुतीच्या पाराजवळ.

जिनिंगच्या आवारात पंचनामा केला. कापसाच्या गंजीतून लेडीज सँडल निघाली, मिक्सर निघाला, केस सरळ करायचं यंत्र निघालं. प्रत्येक वस्तूला पंच हसत होते आणि मला दटावणं भाग होतं. तो कापूस कोणाच्या गाडीचा, ते मालकानं सांगितलं. आमच्या प्लास्टरवाल्याचाच. तो प्लास्टर काढायला खामगावच्या दवाखान्यात गेला असताना त्याच्या धाकट्या भावानं सगळा ढीग भरून विकून टाकला होता. म्हणजे मी ज्याला टेकून जबाब लिहिला, तोच मुद्देमाल होता.

ठाण्यात आणल्यावर त्यानं मान खाली घातली. आमच्या भागात घरात कापूस असला की जपायची वस्तू त्यातच खुपसतात. उठून दार लावता येईना म्हणून यानंही तेच केलं.

"कुकर कापसात खुपसला. संध्याकाळी त्याच्यावर नवा कापूस पडला," तो म्हणाला. "शेजारीण मांगाले आली, तं हाताले लागेच ना. लाज वाटली. म्हणलं, आलंच नाही. एकडाव नाही म्हणलं, मंग हाव कसं म्हणू? बाकीच्याचंही तसंच झालं."

"आणि त्या पोराचं काय होणार होतं?" मी विचारलं. तो रडायला लागला. मला त्याचा राग आला होता, पण त्याला शिव्या द्यायचंही सुचेना.

वस्तू ज्याच्या त्याला मिळाल्या. व्यवस्थापकानं अर्ज मागे घेतला आणि तरुणाची माफी मागितली. तरुणानं कोणाबद्दल तक्रार केली नाही. "साहेब, उद्याची पार्सलं कुठी ठेवू, तेवढं सांगा," एवढंच तो म्हणाला. वेचणी संपेपर्यंत तो त्याच काकाकडे पार्सलं ठेवत राहिला, आणि काका आता ती उशाशी घेऊन झोपायचा.

या प्रकरणानं मला शिकवलं की माणूस तुरुंगापेक्षा फजितीला जास्त भितो, आणि खोटं बोलणाऱ्यांत चोर कमी, ओशाळलेले जास्त असतात. पुढं माझी बदली व्हायच्या आत एक कागद टेबलावर आला. भरतीत निवड झालेल्या उमेदवाराची चारित्र्य पडताळणी. नाव पिंजाऱ्याच्या मुलाचं. मी 'गुन्हा नोंद नाही' असं लिहून सही केली आणि ठाण्यात सगळ्यांना चहा सांगितला.