गॅस बाटलीत होता

“गॅस गेलाय,” मी म्हणाले आणि ग्लास खाली ठेवला.

टेबलाभोवतीचे सगळे आपापल्या ग्लासात बघू लागले. मी नाशिकजवळच्या एका वायनरीत मुख्य वाइनमेकर आहे. द्राक्षं आली की त्यांची वाइन करायची, ती चाखायची आणि बाजारात जाऊ द्यायची की नाही ते सांगायचं, एवढं माझं काम. चाखायची म्हणजे तोंडात घोळवून थुंकायची. हे मी लग्न झाल्यापासून सासरच्यांना सांगतेय. अजून एकाचाही विश्वास बसलेला नाही.

समोर होती स्पार्कलिंग वाइन, म्हणजे बुडबुडेवाली. ही बाटलीत दुसऱ्यांदा आंबवतात आणि त्यातून होणारा गॅस बाटलीतच कोंडून ठेवतात. बूच उडतं ते त्यामुळेच. गॅस नसेल तर उरतं ते फक्त द्राक्षाचं महागडं आंबट पाणी. ही बॅच डिसेंबरसाठी गोव्याच्या हॉटेलांना जायची होती. ट्रक सांगून झाले होते.

“गेलाय म्हणजे? कुठे गेलाय?” निकम सरांनी विचारलं. निकम सर आमचे मालक. आधी द्राक्षं परदेशी पाठवायचे, मग कुणीतरी सांगितलं की द्राक्षांपेक्षा वाइनला मान जास्त आहे.

“ते शोधावं लागेल,” मी म्हणाले. “बुडबुडे दिसतायत, पण जिभेला काही टोचत नाहीये. पाणी प्यायल्यासारखं लागतंय.”

सरांनी घोट घेतला, डोळे मिटले, छताकडे तोंड केलं. “हं. दबलेलीच वाटतेय.”

मार्केटिंगचा रोहन सरांच्या आधी कधीच चाखत नाही. त्याने आता घोट घेतला. “टोटली फ्लॅट, सर.”

राहिले खैरनार सर. आमचे लॅब इन-चार्ज, मूळचे नामपूरचे, गळ्यात तुळशीची माळ. वाइनच्या कारखान्यात उभी हयात काढली, पण थेंब तोंडात घेतला नाही. त्यांचं सगळं मीटरवर चालतं. त्यांनी प्रेशर गेज आणलं. हे एक साधं यंत्र असतं. बुचातून सुई आत खुपसायची, की आतला दाब काट्यावर दिसतो.

“दाब बरोबर आहे,” खैरनार म्हणाले.

“जीभ नाही म्हणतेय,” मी म्हणाले.

“गेज हो म्हणतंय.”

“सर, गेज वाइन पीत नाही.”

“मीही पीत नाही. म्हणूनच आमचं दोघांचं जमतं.”

सगळे हसले आणि निर्णय माझ्या बाजूने झाला. आमच्याकडे जिभेचं पद गेजपेक्षा वरचं आहे. ट्रक थांबवले. रोहनने गोव्याला फोन करून ‘क्वालिटीसाठी आम्ही कॉम्प्रोमाइज करत नाही’ वगैरे सांगितलं. बाटल्यांमधून गॅस कुठून निसटतोय ते बघायचं ठरलं. संशय बुचावर आला. बूच बिचारं बोलत नाही, म्हणून संशय पहिला त्याच्यावरच येतो.

आता जरा माझ्या डोक्याबद्दल.

मला मायग्रेन आहे. आपल्याकडे अर्धशिशी म्हणतात. आधी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेघा येतात, मग अर्धं डोकं कुणीतरी आतून ठोकून काढतं, मग उलटी, मग अंधाऱ्या खोलीत पडून राहणं. त्या वेळी शेजारच्या घरातली फोडणीसुद्धा सहन होत नाही. यावरचे उपाय नाशिकमध्ये प्रत्येकाला ठाऊक आहेत, फक्त मायग्रेन होणारे सोडून. सासूबाई म्हणाल्या, ओले केस बांधू नको. नणंदेने सूर्योदयाआधी दूध-जिलेबी खायला लावली. डोकं तसंच राहिलं, साखर तेवढी वाढली. ऑफिसात निकम सरांनी स्ट्रेसवर वेबिनार ठेवला. तो नेमका कामाच्या ढिगात, सक्तीचा आणि जेवणाच्या सुट्टीत होता.

शेवटी गंगापूर रोडवरच्या न्यूरॉलॉजिस्ट मॅडमकडे गेले. त्या शांतपणे म्हणाल्या, “औषध देता येईल. पण आधी दिनचर्या बघू. रोज एकाच वेळी झोपा, एकाच वेळी उठा. जेवण चुकवू नका. उग्र वास, प्रखर उजेड टाळा. दारू, विशेषतः रेड वाइन, अजिबात नको.”

मी मनात माझी दिनचर्या मांडून पाहिली. द्राक्षाच्या सीझनमध्ये तोडणी थंडीत, उजाडायच्या आत होते, आणि गाड्या येतात तेव्हा मी गेटवर असते. टाक्यांच्या खोलीत आंबट वास एवढा, की नवा माणूस दारातूनच परत फिरतो. बाटलीत गाळ आहे का ते पाहायला ती मी दिव्यापुढे धरते. आणि रेड वाइन. म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेला लाइफस्टाइल चेंज मराठीत राजीनामा या नावाने ओळखला जातो.

“गोळी द्या,” मी म्हणाले.

टोपिरामेट नावाची गोळी सुरू झाली. ही डोकं दुखल्यावर घ्यायची नसते. दुखूच नये म्हणून रोज घ्यायची. आणि खरं सांगते, लागू पडली. दर आठवड्याला येणारं दुखणं महिन्यात एखाद्या वेळी डोकावून जाऊ लागलं. मोबदल्यात बोटांना मुंग्या यायच्या. बोलता बोलता शब्द हरवायचे. एका मीटिंगमध्ये मला ‘स्क्रू’ हा शब्द आठवेना. मी म्हणाले, “ते… बुचाला पिळतात ते.” रोहनने तो शब्दप्रयोग आवडल्याचं सांगितलं. वजन उतरलं. सोसायटीतल्या बायका माझा डाएट विचारू लागल्या. अर्धं डोकं फुटायला लागलं की हा डाएट आपोआप मिळतो, असं सांगितलं तर त्यांना वाटलं मी लपवतेय.

ही बॅच चाखायच्या थोडे दिवस आधी डॉक्टरांनी डोस वाढवला होता. तोही सोसला. डोकं शांत असण्याचं सुख असं असतं, की त्यासाठी माणूस चार शब्द आणि दहा बोटं आनंदाने सोडून देईल.

तर बुचाची चौकशी सुरू झाली. बूच पुरवणारे शहा पुण्याहून धावत आले. साठीचे, नम्र गृहस्थ. “मॅडम, एवढी वर्षं माल देतोय. बूच माझं खराब नाही,” म्हणाले. निकम सरांनी त्यांच्यापुढे ग्लास सरकवला. “तुम्हीच सांगा.”

शहांनी घोट घेतला. माझ्याकडे पाहिलं. सरांकडे पाहिलं. पुन्हा घोट घेतला.

“हं,” ते पडेल आवाजात म्हणाले, “गॅस जरा कमीच आहे.”

स्वतःच्या पोटावर पाय देणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. त्यांनी सगळी बुचं बदलून द्यायचं कबूल केलं. सर म्हणाले, पुढच्या वर्षी दुसरा सप्लायर बघू. मागच्या बाजूला खैरनार एकामागून एक बाटल्यांना सुई टोचत होते. शेवटी त्यांचा तोल गेला आणि नामपूरची अहिराणी बाहेर आली. “शे ना गॅस! काटा आंधया शे का?”

कुणी लक्ष दिलं नाही. मीही नाही.

रविवारी मी आणि माझा नवरा अभिजित फिरायला बाहेर पडलो. गाडीवर मसाला सोडा घेतला. मी घोट घेतला आणि सवयीने निकाल दिला. “दादा, गॅस नाहीये यात.”

सोडावाल्याला ते लागलं. त्याने माझ्यासमोर नवी बाटली फोडली. फस्स आवाज झाला, फेस त्याच्या मनगटावरून खाली ओघळला. “आता बघा ताई.”

मी प्यायले. मीठ कळलं. लिंबू कळलं. जिरं, काळं मीठ, सगळं कळलं. टोचणं मात्र शून्य. अभिजितने माझ्याच ग्लासातून मोठा घोट घेतला आणि त्याला ठसका लागला. नाकातून पाणी आलं.

“गॅस नाही म्हणे!” तो खोकत म्हणाला. “जीभ गेली की काय तुझी?”

तो हसत होता. मला हसू आलं नाही. मी सोडावाल्याची माफी मागितली आणि आम्ही घरी आलो. येताना दुकानात होतं ते प्रत्येक थंड पेय घेतलं. ओट्यावर ओळीने लावून चाखलं. सगळं साखरेचं पाणी. पहिला संशय कोविडचा आला, पण वास शाबूत होता, कांदासुद्धा लांबून कळत होता. फक्त गॅस तेवढा माझ्या जगातून उठून गेला होता. मग नवीन काय घडलं होतं? काहीच नाही. डोस तेवढा वाढला होता.

मी खुर्चीत बसले. आजवर मी पैठणी नेसायचं ठरवताना चार जणींना विचारलंय, पण जिभेबद्दल कधी कुणाला विचारलं नव्हतं. माझ्याकडे विकायला दुसरं काहीच नाही. डोकं वाचवायला गोळी घेतली, आणि गोळीने ज्यावर मी जगते तेच नेमकं उचललं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेले.

“मॅडम, सोड्यातला गॅस कळत नाही.”

“मग सोडा सोडा. तब्येतीला चांगलंच आहे,” त्या लिहिता लिहिता म्हणाल्या.

“गॅस कळणं हा माझा धंदा आहे. मी वाइन करते.”

पेन थांबलं. “तुम्ही तर म्हणालात कंपनीत क्वालिटीला आहे. मला वाटलं सातपूरला कुठल्या कारखान्यात नट-बोल्ट मोजता.”

मी मुद्दामच तसं सांगितलं होतं. ‘वाइन’ म्हटलं की डॉक्टर पुढचं ऐकत नाहीत, दुखण्याचं कारण सापडल्याच्या आनंदात असतात, असा माझा अनुभव. यांनी ऐकलं. म्हणाल्या, “गॅसची आंबट चुणचुण ओळखायला जिभेवर एक रसायन काम करतं. ही गोळी त्याला अडवते. सगळ्यांना होत नाही. उंच पहाडावर जाणारे लोक याच जातीचं औषध घेतात. त्यांनाही बिअर पाणचट लागते.”

“कायमचं?”

“नाही, गोळी कमी केली की परत येतं. पण मनाने बंद करायची नाही. हळूहळू उतरवू.”

“दुसरी कुठली द्या.”

“एक आहे, पण तुम्हाला दमा आहे ना? मग ती नको. दुसरीने झोप येते, तोंड कोरडं पडतं.”

“कोरड्या तोंडाने काय चाखू?”

“तेच म्हणतेय. मग आपण पहिल्या दिवशी बोललो त्यावर या. झोप, जेवण, उजेड. दुखणं थोडं परत येईल. आलं की लगेच घ्यायची वेगळी गोळी देते. कुठला त्रास चालेल, हे तुम्हीच ठरवायचं.”

मी ठरवलं. फार अवघड गेलं नाही, असं म्हणणं खोटं होईल. दुखण्याशिवायचे ते महिने मला आठवत होते, आणि ते परत द्यायचे होते.

ऑफिसात सगळ्यांना बोलावून जे झालं ते सांगितलं. बाटल्या ठीक आहेत, बूच ठीक आहे, बिघाड माझ्या तोंडात आहे.

“मला तेव्हाच वाटलं होतं,” निकम सर म्हणाले.

“सेम, सर,” रोहन म्हणाला.

खैरनारांनी गेज फडक्याने पुसलं. “याला अर्धशिशी होत नाही,” एवढंच बोलले आणि गेले. पुढे आठवडाभर ते माझ्याशी इतके चांगले वागले की मला त्याचाच त्रास झाला.

शहांना फोन मी केला. माफी मागितली. सांगितलं की तुमचं बूच निर्दोष आहे.

“पण मॅडम,” ते म्हणाले, “मलाही खरंच कमी लागला होता हो.”

“तुम्ही कुठली गोळी घेता?”

“बीपीची.”

“मग तुम्हाला निकम सरांनी लागू दिला नसेल.”

ते पहिल्यांदा मोकळे हसले. बुचांचं काम त्यांच्याकडेच राहिलं. ट्रक उशिरा का होईना, गोव्याला गेले. तिथून तक्रार आली ती बाटलीच्या लेबलची.

मग मी सरांकडे माझी मागणी ठेवली. सीझनमध्ये पहाटेच्या गाड्या दुसरं कुणीतरी उतरवून घेईल. माझी झोप आणि जेवण ठरलेल्या वेळीच होणार. बाटल्या तपासायला साधा दिवा मिळावा.

“सीझनमध्ये? कसं जमेल?” सर म्हणाले.

“नाही जमलं तर मी गोळी चालू ठेवते. गॅसचं तुम्ही आणि रोहन बघा.”

जमलं. आधी जे कधीच शक्य नव्हतं, ते त्या दुपारी शक्य झालं.

गोळी हळूहळू उतरली. एका सकाळी लॅबमध्ये नेहमीचा घोट घेतला आणि जीभ चुणचुणली. आधी एका कडेला, मग सगळीकडे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खैरनार बघत होते, म्हणून मी ते गॅसवर ढकललं.

दुखणंही परत आलं, पूर्वीएवढं नाही. सीझनच्या पहिल्याच आठवड्यात एकदा रेघा दिसल्या. मी ती वेगळी गोळी घेतली आणि पिंपांच्या गार, अंधाऱ्या खोलीत जाऊन पडले. आता मी नेमाने झोपते, डबा वेळेवर उघडते, एकादशीचा उपासही बंद केला. खैरनारांनी त्याबद्दल अजून काही म्हटलेलं नाही, पण म्हणतील. बॅच पास करताना आता प्रत्येकाने आधी आपलं मत कागदावर लिहायचं, मग बोलायचं, असा नियम केलाय. तेव्हापासून आमच्यात एकमत होत नाही आणि मीटिंगा लांबतात. वाइनसाठी ते बरं आहे.

औषध डोक्याचं असलं तरी ते गिळावं लागतं आणि अंगभर फिरतं. म्हणून डॉक्टरांना डोकं दाखवायला जाल, तेव्हा आपलं पोट कशावर चालतं तेही सांगून टाका.