बंद करतानाचे पेट्रोल

आमच्या विहिरीवरच्या इंजिनाला दोन इंधने लागत, आणि ती कोणत्या क्रमाने द्यायची हे त्याच्या टाकीकडे नीट पाहिले तरी कळण्यासारखे होते. टाकीला दोन कप्पे होते. लहान कप्प्यात पेट्रोल, मोठ्यात रॉकेल. खाली एकच चावी. ती डावीकडे फिरवली की पेट्रोल उतरे, उजवीकडे फिरवली की रॉकेल, आणि मधोमध ठेवली की दोन्ही बंद. थंड इंजिन रॉकेलवर पेट घेत नाही, कारण रॉकेलची वाफ सहजासहजी होत नाही. म्हणून सुरुवात पेट्रोलवर करायची. इंजिनाभोवतीच्या हौदातले पाणी बोटाला चटका देऊ लागले की चावी रॉकेलवर न्यायची. इथपर्यंतचा धडा आमच्या घरात सर्वांना पाठ होता. पुढचा मात्र कुणी शिकून घेतला नाही. बंद करण्यापूर्वी चावी पुन्हा पेट्रोलवर न्यायची, आणि नळीतले व कार्बोरेटरच्या वाटीतले रॉकेल जळून जाईपर्यंत इंजिन तसेच चालू ठेवायचे. दुसऱ्या दिवशी इंजिन सुरू होते ते टाकीतल्या पेट्रोलवर नव्हे, आदल्या दिवशी वाटीत जे उरले त्यावर. एवढे समजावून सांगण्यात माझा निम्मा उन्हाळा गेला.

संस्थान जाऊन हैदराबाद राज्य झाले होते. शाळांतून उर्दू क्रमिक पुस्तके उचलून मराठी आणि कानडी पुस्तके येत होती, आणि त्या भरतीत मी कमठाण्याच्या पलीकडच्या एका गावी मास्तर म्हणून लागलो होतो. आमचे वडील हयात नव्हते. घरचे कर्ते म्हणजे आमचे चुलते. त्यांना आम्हीच काय, सारे गाव अप्पा म्हणत असे. इंजिन त्यांनीच आणले, दोन्ही घरांच्या भागीत. मोटेचे नाडे त्याच दिवशी सोडवून माळ्यावर टाकले, जणू त्यांची गरज पुन्हा कधी पडणारच नव्हती. पाण्याच्या पाळ्या ठरल्या. सकाळची पाळी आमची. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत अप्पांच्या उसाची.

आमच्या सकाळच्या पाण्यावर माझ्या थोरल्या बहिणीचा पानमळा होता. नवरा वारल्यावर ती माहेरी आली होती. वडिलांनी जाण्यापूर्वी विहिरीलगतचा तुकडा तिला तोंडी देऊन ठेवला होता, आणि तिने तिथे आधाराला शेवरी-पांगाऱ्याची झाडे ओळीत दाट लावून त्यांवर नागवेली चढवल्या होत्या. अप्पांनी वडिलांचा शब्द मोडला नाही, पण त्याला एक अट जोडली. वेलींनी दुसरा उन्हाळा काढला तर तुकडा अक्काचा; वाळल्या तर नांगर घालून तिथे सगळ्यांची ज्वारी. अट अन्यायाची होती असे मी म्हणणार नाही. पण नागवेल ही ज्वारी नव्हे. पाण्याची एक पाळी चुकली तर पान मलूल होते. लागोपाठ चुकत गेल्या तर वेल शेंड्याकडून वाळत खाली येते, आणि मग कितीही पाणी दिले तरी ती मागे फिरत नाही.

तो दुसरा उन्हाळा होता.

सकाळी अक्का खोरे घेऊन पाटाच्या तोंडाशी उभी राही आणि मी हँडल मारायला लागे. इंजिन एकदा खोकून गप्प बसे. प्लग काढावा तर तो रॉकेलने भिजलेला. तो घरी नेऊन चुलीवर तापवावा, परत आणून बसवावा, पुन्हा हँडल. प्लगच्या भोकातून थोडे पेट्रोल आत सोडले तर इंजिन चार ठोके देई, आम्ही दोघे एकमेकांकडे आशेने पाहू, आणि वाटीतले रॉकेल वर चढले की ते मरे. कधी उन्हे चढल्यावर लागे, कधी लागतच नसे. मग अक्का घागरीने पाणी वाहायला सुरुवात करी आणि मी खांदा चोळत शाळेचा रस्ता धरी. हेडमास्तरांनी एकदा सर्वांदेखत विचारले की मी शिकवायला येतो की मोटारी दुरुस्त करून येतो. हातांना वास येत होता, त्यामुळे उत्तर देण्यात अर्थ नव्हता.

पहिला संशय मी पेट्रोलवरच घेतला, आणि तो घेणे रीतसर होते. पेट्रोल बीदरच्या मोटार अड्ड्यावरून डब्यात भरून येई. डब्याचे झाकण सैल असले तर उन्हाळ्यात त्यातला चटकन पेटणारा भाग उडून जातो आणि मागे राहते ते नावाचेच पेट्रोल. शिवाय विकणारा त्यात रॉकेल मिसळतो असेही लोक म्हणत. याची परीक्षा सोपी आहे. रद्द झालेल्या एका उर्दू पुस्तकाचे कोरे पान मी फाडले आणि त्यावर डब्यातल्या पेट्रोलचा एक थेंब टाकला. थेंब पसरला, वाळला, आणि कागद पूर्वीसारखा स्वच्छ झाला. पेट्रोल निर्भेळ होते. मग वाटीच्या तळाचा स्क्रू सोडून तिथला एक थेंब त्याच्या शेजारी टाकला. त्याचा तेलकट डाग पडला तो पडलाच. हा स्क्रू रोज सोडून वाटी रिकामी केली असती तर प्रश्न तिथेच मिटला असता. पण त्याचे आटे झिजले होते, आणि तो कसाबसा परत बसवून देणाऱ्या मिस्त्रीने बजावले की पुन्हा उघडाल तर तो बसणार नाही आणि तसा दुसरा हैदराबादेतही मिळणार नाही.

तो कागद घेऊन मी अप्पांकडे गेलो. ते नुकतीच पूजा आटोपून ओसरीवर बसले होते, कपाळावरची विभूती अजून ओली होती. मी कागद उन्हात धरून दोन्ही जागा दाखवल्या आणि वर्गात सांगावे तसे सगळे क्रमाने सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

“मास्तर,” ते म्हणाले, “कागदाला पेट्रोल पाजल्यानं इंजिन चालतंय व्हय?”

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितले. बंद करताना थोडेसेच पेट्रोल जाईल, म्हणालो.

“भाकरी झाल्यावर चुलीत कोण तूप वततंय रे? पेट्रोल पेटवायला असतंय. विझवायला कामून जाळायचं?”

त्यांना चुलीची भाषा कळते असे पाहून मीही चुलीवरूनच सांगितले. म्हणालो, चूल विझवतानासुद्धा निखारा राखेखाली झाकून ठेवतात, तो सकाळच्या विस्तवासाठीच. दाखला मला फार चपखल वाटला होता.

“ते बायकांचं काम हाय,” अप्पा म्हणाले. “तू साळा संभाळ.”

अप्पा दुष्ट नव्हते. मळा वाळावा म्हणून ते हे करीत होते असे मला त्या दिवसांत कधी कधी वाटे, पण ते खरे नव्हते. त्यांच्या लेखी इंजिन दुपारी उन्हात गरम असताना पटकन लागे, म्हणून ते चांगले होते; सकाळी लागत नसे, म्हणजे माझ्या मनगटात जोर नव्हता. मी चावीच्या डाव्या बाजूला पांढरा ठिपका लावला, उजव्या बाजूला तांबडा. ठिपके छान दिसतात, अप्पा म्हणाले. संध्याकाळी स्वतः जाऊन चावी फिरवावी तर त्या वेळी शाळेच्या गावी माझा प्रौढांचा वर्ग असे. तिथे माझ्या वडिलांच्या वयाची माणसे मी सांगेन ते मुकाट्याने गिरवत होती. आणि बाईमाणसाने इंजिनाजवळ जायचे नाही, हा अप्पांचा नियम होता.

पश्चिमेकडच्या ओळी शेंड्याकडून पिवळ्या पडू लागल्या.

पाडव्याला अक्काने पुरण शिजवण्यासाठी अप्पांच्या घरचे मोठे पातेले आणले होते. आमच्याकडे दुसऱ्याचे भांडे रिकामे परत करीत नाहीत. काही नसले तर चिमूटभर साखर तरी टाकतात. अक्काने ते पातेले घासून लख्ख केले आणि रिकामे पाठवून दिले. थोड्याच वेळात काकू आमच्या दारात उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, आणि त्यामुळेच मला अवघड वाटले.

“रिकामं कामून धाडलीस गं? आमच्या हातनं काय वंगाळ झालं?”

“न्हाई काकू,” अक्का म्हणाली. “इंजिन रोज रिकामं येतंय आमच्याकडं. म्हणलं, आता घरात असंच चालायलंय.”

काकूंनी हे घरी जाऊन शब्दाला शब्द सांगितले असणार. अप्पा त्या दिवशी जेवले नाहीत असे कानावर आले. दुसऱ्या सकाळी विहिरीवर जाऊन पाहतो तो पेट्रोलचा कप्पा गळ्यापर्यंत भरलेला, आणि शेजारी पेट्रोलचा आणखी एक डबा, त्याच्या झाकणाखाली फडके घट्ट बसवलेले. अप्पांना अखेर पटले असे मी धरले. मी हँडल मारले. इंजिन एकदा खोकले आणि गप्प बसले. प्लग काढला. तो रॉकेलने चिंब होता.

अप्पांना घराची लाज कळली होती. वाटी कळली नव्हती. भरल्या टाकीखाली उभा राहून मी हँडल जमिनीवर आपटले आणि मोठ्याने काहीतरी बोललो, जे मास्तराने बोलू नये. अक्काने हँडल उचलले ते मला परत दिले नाही. खुंटीला अडकवले.

त्या संध्याकाळी ती विहिरीवर गेली. पुढचे तिनेच मला सांगितले. अप्पा इंजिन बंद करायला वाकले तेव्हा ती त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली, म्हणाली, अप्पा, आता मी बघते, आणि चावी पांढऱ्या ठिपक्याकडे फिरवली. नियम मोडला होता, पण कालच्या पातेल्यानंतर अप्पांना तो बोलून दाखवता येईना.

“वाया चाललंय बघ,” ते एवढेच म्हणाले.

“निखारा झाकायलेय, अप्पा. बायकांचं काम हाय.”

किती वेळ थांबायचे हे मी तिला घड्याळावर सांगणार होतो. तिने ते कानाने शोधले. रॉकेल संपून पेट्रोल आले की धूर विरळ होतो आणि ठोका कोरडा, स्पष्ट पडतो. तो ऐकला की ती इंजिन बंद करी. दुसऱ्या सकाळी इंजिन दुसऱ्या हँडलला लागले आणि मी शाळेत प्रार्थनेच्या आधी पोचलो.

पश्चिमेकडच्या ओळी गेल्या त्या गेल्याच. बाकीचा मळा जगला. अप्पांनी नांगर आणला नाही, अटीचा विषयही काढला नाही. पावसाळा सरता पहिली पाने खुडली तेव्हा अक्काने काकूंचे तेच पातेले मागून आणले आणि पानांनी भरून परत केले. त्याच दिवशी अप्पांकडे कोहिनूर गावचे पाहुणे आले होते. पान लावता लावता त्यांनी इंजिनाची चौकशी केली, सकाळी लागते का म्हणून.

“पहिलं लागायचं न्हाई,” अप्पा म्हणाले. “आता अक्काचा हात मानवलाय त्याला. यंत्राचंबी जनावरासारखंच असतंय.”

मी पुढे सरकून कार्बोरेटरच्या वाटीचे कारण सांगायला सुरुवात केली. पाहुण्यांनी नीट ऐकून घेतले आणि चुना मागितला.