मर्यादवेल आणि दोन पोती वाळू

सरकारी माणूस तासाभरात हजर झाला अशी एकच तक्रार मी आजवर पाहिली आहे. ती माझ्याविरुद्ध होती.

आई बचत गटाच्या सहलीबरोबर कोकणात गेली होती. येताना तिने मर्यादवेलीचा तुकडा आणला. समुद्राकाठच्या वाळूत वर्षानुवर्षं पसरणारी वेल. पानं आपट्यासारखी, फुलं जांभळी. ती आपल्या परसात फुललेली बघायची, एवढंच आईचं मागणं. पण भोकरदनकडच्या आमच्या काळ्या मातीत तिची मुळं सडू लागली.

"तिला वाळू लागती रे. दोन पोती आण की नदीची."

"आई, वाळूउपशाविरुद्ध पत्रक कुणी काढलं? केदारखेड्याच्या बाजारात कुणी वाटलं?"

"बराबर हाय," ती म्हणाली. (भांडली असती तर मी तत्त्वावर टिकलो असतो.)

रोज सकाळी ती एकेक पिवळं पान खुडायची. एकच हिरवं उरलं त्या दिवशी ती गटाच्या बैठकीला गेली. भर दुपारी मी मोटरसायकलवर दोन पोती वाळू आणली, परसात ओतली आणि निष्पाप चेहऱ्याने वाचनालयात जाऊन बसलो.

परतलो तर परसात तलाठी. शेजारी आई, हातात माझं पत्रक.

"कुणीतरी चोरीची वाळू आपल्याकडं आणून लपवली. म्या लगेच फोन लावला," आई अभिमानाने म्हणाली. "तूच लिव्हलंय न्हाई का, चोर घरचा असला तरी नाव कळवा?"

ते वाक्य मला फार आवडलं होतं. जाड अक्षरात छापून घेतलं होतं.

"नाव कळलं का कुणाचं?" तलाठ्यांनी विचारलं.

"माझं."

आईने पत्रकाची घडी घातली. "अरे, सांगायचं तरी. मी आता तहसीलला बी फोन लावणार होते."

"पंचनामा तुम्हीच लिहा," तलाठी म्हणाले. "तुमची भाषा कडक आहे."

लिहिला. वाळू जिथून उचलली तिथे नेऊन टाकायची, असं ठरलं.

"मंग वेल बी तिथंच लावू," आई म्हणाली.

आता वेल नदीकाठी फुलली आहे. आई रोज खुरपं घेऊन तिथे बसते, त्यामुळे कुणी पोतं घेऊन फिरकत नाही. माझ्या पत्रकाला हे जमलं नव्हतं. मी डबा घेऊन गेलो, की ती आधी उठून माझ्या गाडीला पोतं बांधलंय का ते बघते, मगच डबा घेते.