हर्षदची गाडी, विहंगचं माप

माझा भाऊ विहंग इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेलं वर्षभर आमच्या घरात दुसरा विषयच नाही, फक्त ती गाडी. दगडधोंड्यांतून, चिखलातून पळणारी एका माणसाची गाडी. कॉलेजची पोरं मिळून बांधतात आणि स्पर्धेला नेतात. बांधण्याआधी ती अख्खी कॉम्प्युटरवर उभी करायची, ते काम विहंगचं. मी न्हावा शेव्याहून ड्यूटी करून दमून यावं, तर हा लॅपटॉप घेऊन मागे लागणार. "ताई, बघ ना, फ्रेम फिरवून दाखवतो." फिरव बाबा. मला नुसते पाइप दिसायचे, पण त्याचं तोंड बघून नको म्हणवत नसे.

चालवणार होता हर्षद. काशीदचा, विहंगचा जिवाभावाचा दोस्त. पहिल्या वर्षापासून ठरलेलं, गाडीचं डिझाइन विहंग काढणार आणि हर्षद चालवणार. त्यासाठी हर्षदनं कॉलेजच्या जुन्या गाडीवर हाडं खिळखिळी करून घेतली होती.

आता यांचा शहाणपणा ऐका. स्क्रीनवरच्या गाडीत एक पुतळा बसवतात, चालवणाऱ्याच्या मापाचा. त्याच्या हेल्मेटपासून वरच्या पाइपापर्यंत सहा इंच मोकळे हवेत, नाहीतर तपासणीत गाडी बाद. नेमका माप घ्यायच्या वेळेला हर्षद काशीदला अडकला. त्याच्या घरी पर्यटकांना खोल्या देतात, डिसेंबरची गर्दी, आईबापांना टाकून येणार कसा? फोनवर म्हणाला, "अरे, तुझंच माप घे. आपण सारखेच हाय." आणि आमच्या दीडशहाण्यानं घेतलं. भिंतीला टेकून बसला आणि टेप मला धरायला लावली.

उंची दोघांची सारखी, त्यात खोटं नाही. एकमेकांचे शर्ट घालून हिंडायचे. पण विहंगची पँट हर्षदच्या पायात लोळायची, हे तेव्हा मला तरी कुठे आठवलं? हर्षदचे पाय आखूड आणि धड लांब. उभे राहिले की बरोबरीचे, बसले की हर्षद चांगला वर.

फ्रेम वेल्डिंग होऊन आली, हर्षद हेल्मेट घालून आत बसला, आणि वर चार इंचही उरले नाहीत. सीट खाली घ्यावी तर पत्रा आड येतो. कापून नवीन करावी तर तपासणी तोंडावर आलेली. बुटक्या पोरांचे पाय पेडलला पोचेनात, उंच पोरांची डोकी वर जात. नीट बसणारा एकच निघाला, विहंग.

हर्षद म्हणाला, "स्वतःच्या मापाची काढलीस तू. आधीच सांगायचं होतंस." एवढं बोलून निघून गेला.

विहंगनं घरी येऊन सांगितलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. म्हटलं, 'तूच म्हणालास, तुझंच माप घे' असं सुनव ना त्याला. तर हा म्हणतो, "सुनवून काय होणार, ताई? तीन वर्षं थांबला तो त्या सीटसाठी." मग जेवणखाण सोडून लॅपटॉपसमोर. वरचे पाइप उंच करून बघ, सीट मागे सरकवून बघ. स्क्रीनवर हर्षद दर वेळी मस्त बसायचा. लोखंड तसंच होतं. आई मला म्हणायची, "पोरगा न्हाय बोलत, न्हाय जेवत. काय हाय गं त्या गाडीत एवढं?"

टीमची प्रमुख साक्षी सारखी विचारत होती, चालवणारा म्हणून नाव कुणाचं देऊ. विहंग मला म्हणाला, "मी बसलो तर हर्षद बोलला तेच खरं होणार. नाही बसलो तर सगळ्यांचं वर्ष पाण्यात." मला त्याची फार दया आली. शेवटी त्यानं स्वतःचं नाव दिलं.

तपासणीच्या दिवशी फोन आला. "पास झाली, ताई." मागे पोरं ओरडत होती, हा मात्र रडवेला. "हर्षद माझा फोन घेत नाही. तू सांगशील त्याला?"

मी लावला. हर्षदनं पहिल्याच रिंगला उचलला, सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "होणारच ना पास. माप त्याचंच होतं." आणि ठेवून दिला.

विहंगला मी सांगितलं, फोन लागला नाही रे, काशीदला रेंज नसेल.