रानाकडची फट

शेजारच्या सखूमावशीनं रानात सापडलेलं अंडं घरच्या कोंबडीखाली उबवलं, त्यातून निघालेली ही रानकोंबडी. पौषाच्या गारठ्यात मावशी रोज संध्याकाळी खुराड्याला गोणपाट बांधते, आत भाताचा पेंढा पसरते. रानाकडची एक फट मात्र उघडीच ठेवते.

“मावशी, तिथून वारं शिरतं की,” मी म्हटलं.

“शिरू दे. बुजवली की रातभर धडका मारते. उघडी असली की तिकडंच तोंड करून गुमान निजते.”

सुट्टी संपवून शहरात परतलो. पलंग खिडकीकडे फिरवला, काच जराशी सरकवून ठेवली. समोर इमारतीची भिंत आहे. पण तिच्यामागे, फार मागे, आमचं गाव आहे.

गारवा आत येतो. येऊ दे.