घड्याळवाली मार्नी

आमच्या विद्यापीठातल्या कॉफीच्या काउंटरवर मी एकोणीस वर्षं उभी आहे. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या या डुलुथ शहराच्या थंडीत लोक कॉफीला येतात आणि न विचारता घरचं-दारचं सांगून मोकळे होतात. मार्नी हाल्वर्सनही त्यातलीच. गावाकडच्या छोट्या कॉलेजात दोन वर्षं काढून ती थेट तिसऱ्या वर्षाला इथे आली होती. पुढे वकिली शिकायची होती.

सप्टेंबरात हिरवळीवर विद्यार्थ्यांच्या क्लबांची नावनोंदणीची टेबलं लागतात. तिथल्या फुकटच्या चॉकलेटांसाठी मीही जाते, खोटं कशाला बोलू. मार्नीने त्या दुपारी अकरा क्लबांत नाव घातलं.

"मधमाश्या पाळायच्या क्लबात कशाला गं?" मी विचारलं.

"लॉर्नाबाई, लॉ स्कूलच्या अर्जात उपक्रमांचा रकाना असतो. इथल्या मुलांकडे पहिल्या वर्षापासूनची यादी आहे. मला पुढच्या सप्टेंबरात अर्ज भरायचाय."

"आणि शिफारसपत्र कोण देणार? मधमाश्या?"

ती हसली, पण चेहरा उतरला. दुखणं तेच होतं. एक पत्र जुन्या कॉलेजातल्या बाई देणार होत्या. दुसरं इथल्या प्राध्यापकाचं हवं, आणि इथे तिला ओळखणारं कोणी नव्हतं.

महिन्याभरात पोरगी धावून धावून अर्धी झाली. मीच तिला दटावलं, एक धर आणि बाकी सोड. तिने नकली खटले लढवणारी टीम धरली, कारण त्या टीमचे मार्गदर्शक विटेक सर कायदा शिकवायचे. पण वकील, साक्षीदार सगळे आधीच ठरलेले. प्रेस्टन नावाचा कॅप्टन म्हणाला, "वेळ मोजशील का?"

मी भडकलेच. "घड्याळ धरायला आलीस का इथे?"

"खोलीत तर बसायला मिळेल ना," मार्नी म्हणाली.

हिवाळाभर ती कोपऱ्यात बसून पाट्या दाखवत राहिली. 'पाच मिनिटं', 'एक मिनिट', 'थांबा'. विटेक सर तिला "ए घड्याळ" म्हणायचे. नावसुद्धा विचारलं नव्हतं त्या माणसाने.

फेब्रुवारीत स्पर्धा झाली. प्रत्येक टीम आपला वेळ मोजणारा आणते आणि दोघांची घड्याळं ताडून बघतात. त्या दिवशी समोरच्या टीमची मुलगी घड्याळ सुरू करायलाच विसरली. शेवटच्या भाषणात प्रेस्टन इतका रंगला की 'थांबा'च्या पाटीकडे त्याने बघितलंच नाही. नियम असा की या भाषणातून उरलेल्या वेळातच समोरच्यांना उत्तर द्यायचं, आणि त्याचा हुकमी मुद्दा त्यातच होता.

न्यायाधीशांनी मार्नीला विचारलं, "किती वेळ उरलाय?"

प्रेस्टन तिच्याकडे डोळे वटारून बघत होता. एक मिनिट म्हणाली असती तर कोणाला कळलं असतं?

"काही नाही," मार्नी म्हणाली. "बेचाळीस सेकंद जास्तच झालेत."

एका गुणाने टीम हरली. परतीच्या बसमध्ये तिच्या शेजारी कोणी बसलं नाही.

सोमवारी ती माझ्यासमोर उभी राहिली. "संपलं, लॉर्नाबाई. विटेक सरांकडेच पत्र मागणार होते." मी दालचिनीचा रोल तिच्यासमोर ठेवला, पण तिने हातही लावला नाही.

तेवढ्यात रांगेतून विटेक सर पुढे आले.

"पोरी, तुझं नाव काय?"

"मार्नी हाल्वर्सन. सर, माझ्यामुळे आपण हरलो."

"प्रेस्टनच्या जिभेमुळे हरलो. तुझं पत्र कोण लिहितंय?"

"इथलं कोणीच नाही."

"तीस वर्षं मी शिफारसपत्रांत 'प्रामाणिक' लिहीत आलो," सर म्हणाले, "नुसतं भरवशावर. यंदा डोळ्यांनी पाहून लिहीन. पूर्ण नाव लिहून दे."

मार्नीने कागदी रुमालावर नाव लिहिलं आणि मग माझ्या काउंटरवर डोकं टेकून पोटभर रडली. मागे रांग वाढत होती. वाढू दिली.